हिरवळ वरवरची, मेहनत खालची

अ‍ॅरिझोना, नेवाडासारख्या अमेरिकेतल्या कोरड्या राज्यांत घरामागे गोल्फच्या सरावासाठी कृत्रिम गवताचं ‘पटिंग ग्रीन’ हौसेनं करून घेतात. पाणी, कापणी, दोन्ही कटकटी वाचतात. पण सतरंजीसारखं अंथरलं की झालं, असं मात्र नाही.

आधी माती उकरायची. मग तीन-चार इंच बारीक खडी थराथरानं, पाणी मारत, कॉम्पॅक्टरनं ठोकून बसवायची. वर दगडाची कच. पाणी निघून जाईल इतपत हलका उतार हवाच. इथे कंजुषी केली की पुढे जमीन दबते आणि चेंडू भलतीकडेच वळतो. हौसेचे चढउतारही याच थरात घडवून घ्यायचे, नाहीतर नंतर बदलायला अख्खं गवत उचलावं लागतं.

चेंडू पडतो तो कप ४.२५ इंच (१०८ मिमी) व्यासाचा. त्याच्या तळाशी पाणी झिरपायला खडी. गवत आखूड आणि दाट पात्यांचं घ्यावं, बागेतलं लांब पात्यांचं इथे कुचकामी. जोड असेल तर दोन्ही तुकड्यांच्या पात्यांचा कल एकाच दिशेला, नाहीतर शिवण लांबूनही दिसते.

शेवटी पात्यांमध्ये वाळू भुरभुरून ब्रशनं जिरवायची. चेंडूचा वेग बराचसा यावर ठरतो. तो मोजण्याची ‘स्टिम्पमीटर’ ही खाचेची उतरती पट्टी एडवर्ड स्टिम्पसन यांनी १९३५ मध्ये बनवली. चेंडू किती फूट घरंगळला, तोच वेग.

भर उन्हात हे गवत खऱ्या गवतापेक्षा कितीतरी जास्त तापतं, अनवाणी पाय ठेववत नाही. शिवाय खिडकीच्या उष्णतारोधक काचेवरून परावर्तित झालेल्या उन्हानं पाती वितळूही शकतात. जागा ठरवण्याआधी कवडसा कुठे पडतो, ते पाहून घ्या.