चांगला ब्रेड कसा ओळखायचा? अलिबागला जाण्याआधी वाचा

‘पाव’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. रायगड किनाऱ्यावरचं रेवदंडा आणि कोर्लई १७४० पर्यंत त्यांच्याच ताब्यात होतं. आता अलिबागला वीकेंडला गेल्यावर महागडा ‘आर्टिझन’ ब्रेड दिसला, तर घेण्याआधी काय बघाल?

- आंबवण: खरा सॉरडो पाकिटातल्या यीस्टशिवाय, आंबोळीच्या पिठासारखा कित्येक तास आंबवतात. किती तास आंबवला, हे बेकरीत विचारा.
- रंग: ब्राऊन म्हणजे गव्हाचाच असं नाही. कॅरमलनेही रंग येतो.
- लेबल: सर्वात जास्त असलेला घटक आधी लिहावा लागतो. पहिलंच नाव मैद्याचं असेल, तर तो मुख्यतः मैद्याचाच ब्रेड.

आणि हो, ब्रेड फ्रिजमध्ये लवकर कडक होतो. दमट हवेत बुरशीही लवकर येते. त्यामुळे लागेल तेवढाच घ्या!