क्रीम-पायचं युद्ध कुणी वाचवलं?

अमेरिकेत व्हर्जिनियातल्या कल्पेपरला लायब्ररी ऑफ काँग्रेसचं चित्रपट-जतन केंद्र आहे. ओळख न पटलेले मूकपट तिथल्या मेळाव्यांत पडद्यावर लावत आणि जमलेले जाणकार मोटारीच्या मॉडेलवरून, दुकानाच्या पाटीवरून साल ओळखायला बसत. 2015 च्या मेळाव्यात संग्राहक जॉन मिरसालिस यांनी जाहीर केलं : लॉरेल आणि हार्डीच्या ‘द बॅटल ऑफ द सेंच्युरी’चं (1927) हरवलेलं दुसरं रीळ मिळालंय! तीन हजार क्रीम-पाय फेकले गेले म्हणतात, ते याच रिळात. (आकडा स्टुडिओच्या जाहिरातखात्याला शोभणारा आहे, एवढंच.)

असे विनोदपट गेले कुठे? चूक रसायनाची. तेव्हाची 35 मिलिमीटरची फीत सेल्युलोज नायट्रेटची, म्हणजे बंदुकीच्या कापसाच्याच कुळातली. जळायला लागणारा ऑक्सिजन तिच्यातच असतो, त्यामुळे ती पाण्याखालीही विझत नाही. पुण्यात 2003 साली फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या आगीत नायट्रेटची रिळं अशीच गेली. आग लागली नाही तरी सुटका नाही. फितीतून निघणारी नायट्रोजनची ऑक्साइडं ओलाव्याशी मिळून आम्ल बनतं, ते फितीला आणखी खातं. आधी चित्र फिकटतं, मग फीत काकवीसारखी चिकट होते, शेवटी डब्यात तपकिरी भुकटी उरते.

कोडॅकने 1923 मध्ये घरगुती वापरासाठी आणलेली 16 मिलिमीटरची फीत मात्र पहिल्यापासून ॲसिटेटची, सहजी पेट न घेणारी. मिरसालिस यांना मिळालेली प्रत याच फितीवरची.

आणि ती होती रॉबर्ट यंगसन यांची. 1957 मध्ये ‘द गोल्डन एज ऑफ कॉमेडी’ हा संकलनपट त्यांनी केला, त्यात या युद्धातले निवडक तुकडे घेतले. जग अनेक दशकं तेवढ्यावरच हसलं, आणि मूकपटांची कापाकापी केली म्हणून यंगसनना नावंही ठेवत राहिलं. कापण्याआधी त्यांनी अख्खं रीळ उतरवून घेतलं होतं, ही गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही.

हरवलेल्या चित्रपटाची कीर्ती मात्र फुकट वाढते. याच जोडीचा 1927 चाच ‘हॅट्स ऑफ’ पूर्ण गायब आहे. त्यात दोघं कपडे धुण्याचं यंत्र घेऊन उंच जिना चढतात. आज तो न पाहिलेलेच त्याला श्रेष्ठ ठरवतात. तोच जिना, यंत्राच्या जागी पियानो, असा ‘द म्युझिक बॉक्स’ 1932 मध्ये आला, ऑस्कर घेऊन गेला आणि आजही बघता येतो.

‘बॅटल’मध्येही एक भोक उरलंच आहे. हार्डी मुष्टियोद्ध्या लॉरेलचा विमा उतरवतो, तो यूजीन पॅलेटबरोबरचा प्रसंग सापडलेला नाही. लॉरेलला पाडण्यासाठी केळ्याचं साल टाकायचं, त्यावरून पायवाला घसरायचा आणि युद्ध पेटायचं, या साऱ्याचं कारण त्या प्रसंगात आहे. नव्या प्रतीत तिथे स्थिरचित्रं आणि मजकुराच्या पाट्यांवर भागवलंय.