रस्त्यावरच्या गाडीत रेसिंग हार्नेस: पट्टा, खांदा आणि मान यांचे गणित

बाहा एसएईइंडियाच्या स्पर्धेसाठी बग्गी बनवणाऱ्या प्रत्येक संघाकडे दोन-तीन वर्षांनी एक-दोन जुने हार्नेस शिल्लक राहतात. मुदत संपल्यामुळे स्पर्धेत चालत नाहीत, पण दिसायला धडधाकट असतात. मग प्रश्न येतोच: "सर, हा माझ्या घरच्या गाडीत बसवला तर? तीन ठिकाणी बांधलेल्या पट्ट्यापेक्षा पाच ठिकाणी बांधलेला चांगलाच असणार ना?"

प्रश्न चांगला आहे, कारण यातली चूक साधी नाही. हार्नेस माणसाला खरोखरच जास्त घट्ट धरतो. पण घट्ट धरणे आणि वाचवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे टिपण वाचायला पहिल्या वर्षाचे स्थितिगतिशास्त्र पुरेसे आहे.

पट्ट्याचे काम काय?

७० किलो वजनाचा चालक ताशी ५० किमी वेगाने, म्हणजे सेकंदाला १३.९ मीटरने जात आहे. त्याची गतिज ऊर्जा साधारण ६,७५० जूल. गाडी भिंतीवर आदळली की ही ऊर्जा कुठेतरी जिरलीच पाहिजे. बल गुणिले अंतर म्हणजे कार्य, हे सूत्र तुम्हाला पाठ आहे. गाडीचे नाक चेपण्याचे अंतर आणि पट्टा ताणला जाऊन शरीर पुढे सरकण्याचे अंतर मिळून ०.६ मीटर धरले, तर सरासरी बल सुमारे ११ किलोन्यूटन येते आणि अवत्वरण १६ जी. पट्टाच नसेल तर शरीर त्याच वेगाने पुढे जाऊन डॅशबोर्डवर जेमतेम ५ सेंटिमीटरमध्ये थांबते. आता आकडा येतो २०० जीच्या आसपास.

म्हणजे पट्टा तुम्हाला थांबायला अंतर मिळवून देतो. त्याचे दुसरे कामही तितकेच महत्त्वाचे: हे बल शरीराच्या कोणत्या हाडांवर यावे हे तो ठरवतो. कंबरेचे हाड, छातीचा पिंजरा, खांद्याचे हाड ही भार घेऊ शकतात. पोट घेऊ शकत नाही. मान तर अजिबात नाही.

दोन्ही खांदे धरले की मानेचे काय होते?

नेहमीच्या तीन-बिंदू पट्ट्यात एकच खांदा धरलेला असतो. टक्कर झाली की मोकळा खांदा पुढे जातो, धड थोडे वळते, वाकते आणि डोके धडाबरोबरच पुढे जाते. पुढे एअरबॅग उघडलेली असते. पट्टा, एअरबॅग, सीट आणि चेपणारे नाक यांची वेळ मिलिसेकंदांच्या हिशेबाने जुळवून गाडी तपासलेली असते.

हार्नेसमध्ये दोन्ही खांदे मागे ओढून धरलेले असतात. छाती लवकर थांबते. डोके थांबत नाही. त्याला धरणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे मान. डोक्याचे वस्तुमान साडेचार किलो धरा. ३० जीला मानेवर सुमारे १.३ किलोन्यूटन ओढ येते. दीड किलोच्या आसपासचे हेल्मेट चढवले की ती १.८ किलोन्यूटनपर्यंत जाते.

१८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोना ५०० शर्यतीच्या शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्ट हा अमेरिकेतला अतिशय नावाजलेला चालक भिंतीवर आदळून गेला. कारण होते कवटीच्या तळाचे हाड मोडणे. त्याच्या अंगावर हार्नेस होता. त्यातला कमरेचा एक पट्टा तुटलेला सापडला आणि त्यावरून पुष्कळ वाद झाला, पण डोके आणि मान धरून ठेवणारे कोणतेही साधन त्याने घातलेले नव्हते, हे निर्विवाद. असे साधन तेव्हा उपलब्ध होते. मिशिगन स्टेट विद्यापीठातले जैवयांत्रिकीचे प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड यांनी आपले मेहुणे, शर्यतपटू जिम डाउनिंग यांच्यासोबत 'हॅन्स' नावाची मानेभोवतीची कॉलर १९८०च्या दशकातच तयार केली होती. नॅसकारने डोके-मान धरणारे साधन त्याच वर्षी सक्तीचे केले, फॉर्म्युला वनने २००३ पासून.

हॅन्स हेल्मेटला पट्ट्यांनी जोडलेले असते. म्हणजे हार्नेस हवा तर हॅन्स हवे, आणि हॅन्स हवे तर हेल्मेट हवे. भाजी आणायला जाताना हे सगळे कोण घालणार?

खांद्याच्या पट्ट्याचा कोन

घरच्या गाडीत हार्नेस बसवणारे बहुतेक जण खांद्याचे पट्टे मागच्या सीटखाली, मूळ सीटबेल्टच्या बोल्टला नेऊन बांधतात. तिथे तयार नट असतो, ड्रिल मारावे लागत नाही. आता हे चित्र वहीत काढा. पट्टा खांद्यावरून मागे आणि खाली जातो. क्षितिजाशी त्याचा कोन θ आणि त्यातला ताण T असेल, तर मागच्या भागामुळे प्रत्येक खांद्यावर खाली दाबणारा घटक T sin θ. ताण ४ किलोन्यूटन धरा. कोन १० अंश असेल तर दोन्ही खांद्यांवर मिळून सुमारे १.४ किलोन्यूटन, ४५ अंश असेल तर जवळजवळ ५.७ किलोन्यूटन. हे बल पाठीच्या कण्याला उभे दाबते, तेही धड पुढे झुकू पाहत असताना. एफआयएच्या नियमांत हा कोन ४५ अंशांपेक्षा जास्त नसावा आणि शक्यतो १० अंशांच्या आत असावा असे सांगितले आहे, ते याचसाठी. (हॅन्स वापरत असाल तर त्याच्या निर्मात्याने दिलेला कोन पाळायचा.)

१० अंश मिळवायचे तर खांद्याच्या उंचीला, पाठीमागे जवळच, काहीतरी मजबूत हवे. घरच्या गाडीत तिथे हवा असते. बग्गीत तिथे रोल केजची आडवी नळी असते. शिवाय लांब पट्टा जास्त ताणला जातो: १० टक्के ताण धरला तर १ मीटरचा पट्टा १० सेंटिमीटर देतो आणि २० सेंटिमीटरचा फक्त २.

मग रोल केज बसवावी का? इथे खरा सापळा आहे. केजची नळी डोक्यापासून वीतभर अंतरावर येते. हेल्मेट नसलेले डोके बाजूच्या साध्या धक्क्यातही त्या पोलादावर आपटू शकते. उलट केज न बसवता नुसता हार्नेस लावला, तर गाडी उलटल्यावर धड छताखाली ताठ बांधलेले राहते आणि छत खाली येते.

पोटावर चढणारा पट्टा

बाजारात सर्वांत जास्त विकला जातो तो चार-बिंदू हार्नेस, आणि माझ्या मते घरच्या गाडीसाठी तोच सर्वांत वाईट. त्याला मांड्यांमधून जाणारा पट्टा नसतो. टक्करीत खांद्याचे पट्टे मधले बकल वर ओढतात, कमरेचा पट्टा हाडावरून सुटून पोटावर चढतो आणि शरीर त्याखालून पुढे घसरते. यकृत, प्लीहा, आतडी यांच्यावर तो भार येतो. पाचवा आणि सहावा पट्टा बकल खाली धरून ठेवण्यासाठीच असतात. पण त्यांना सीटच्या गादीत भोक लागते, जे घरच्या सीटला नसते. काही जर्मन बनावटीच्या चार-बिंदू पट्ट्यांत एका खांद्याच्या पट्ट्याला शिवलेली घडी असते. ती टक्करीत उसवून तो खांदा मुद्दाम पुढे जाऊ देते. म्हणजे हार्नेसवाल्यांनीच तीन-बिंदू पट्ट्याची हालचाल परत आणली!

देवराज मोहल्ल्यात गाडी चालवताना

आता शर्यत बाजूला ठेवून आमच्या म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यात या. देवराज अर्स रस्त्यावर दोन्ही बाजूंना वाहने लावलेली, बाजारातून पिशव्या घेऊन माणसे मध्येच उतरणारी, डावीकडून स्कूटर. चिक्क गडियार, म्हणजे छोट्या घड्याळाच्या मनोऱ्याजवळच्या वळणावर पुढे वाकून, मान काढून पाहिल्याशिवाय गाडी काढता येत नाही. तीन-बिंदू पट्ट्यात रीळ असते. हळू वाकलात तर ते पट्टा सोडते आणि झटका बसला तर अडकते. हार्नेसला रीळ नसते. घट्ट बांधलात तर वाकता येत नाही, म्हणून चालक पट्टे सैल करतो, आणि सैलच ठेवतो.

सैल म्हणजे किती वाईट? टक्करीत गाडीचे अवत्वरण २० जी आणि पट्ट्यात ५ सेंटिमीटर ढील धरा. ढील संपेपर्यंत शरीर मोकळे पुढे जात राहते. तेव्हा त्याचा सापेक्ष वेग √(२ × १९६ × ०.०५), म्हणजे सेकंदाला ४.४ मीटर होतो. ताशी १६ किमी वेगाने तुम्ही स्वतःच्याच पट्ट्यावर आदळता. याच गल्लीतून निघून तीच गाडी तासाभरात बेंगळुरूच्या महामार्गावर असते. तिथे मोटारींना ताशी १०० किमीची मर्यादा आहे आणि ऊर्जा ५० च्या वेळेपेक्षा चौपट.

नील्स बोहलिन यांनी १९५९ मध्ये व्हॉल्व्होसाठी तीन-बिंदू पट्टा बनवला. त्याआधी ते साब कंपनीत विमानातल्या इजेक्शन सीटवर काम करत, म्हणजे वैमानिकाचा हार्नेस त्यांना पुरता माहीत होता. तरीही मोटारीसाठी त्यांनी एका हाताने, दर वेळी लावला जाईल असा पट्टा निवडला. आणखी एक व्यवहाराची गोष्ट: अपघातानंतर मदतीला धावणाऱ्याला लाल बटण ओळखीचे असते, फिरवून सोडायचे बकल नसते.

कायदा आणि मूळ पट्टा

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२५ गाडीत सीटबेल्ट असण्याबद्दल आहे, आणि नियम १३८(३) नुसार दिलेला पट्टा गाडी चालू असताना लावायचा असतो. न लावल्यास कलम १९४ब खाली १,००० रुपये दंड. कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यावर बंधन घालते. मूळ पट्टा काढताना आणखी एक धोका असतो. अनेक गाड्यांत त्यात पट्टा खेचून घेणारी छोटी स्फोटक नळकांडी असते आणि बकलमधली वायर एअरबॅगच्या नियंत्रकाशी जोडलेली असते. गॅरेजात पाना लावून उघडण्याची ही वस्तू नव्हे.

मग रॅलीच्या गाड्या?

हा आक्षेप रास्त आहे. नाशिक किंवा चिक्कमगळूरुच्या रॅलीतल्या गाड्या दोन टप्प्यांमधले अंतर सार्वजनिक रस्त्यावरूनच कापतात, तेही हार्नेस बांधून. पण तिथे संपूर्ण संच असतो: खांद्याच्या पट्ट्यांसाठी भोके असलेली एकसंध सीट, पाठीमागची आडवी नळी, केजवर कठीण फेसाचे आवरण, आणि वेगाच्या टप्प्यात हेल्मेट व हॅन्स.

तुम्हाला असा संच खरोखर करायचा असेल तर पट्टे सीटला किंवा सीटच्या पायांना कधीही बांधू नका. पत्र्यात नवी जागा करायची असेल तर एफआयएच्या नियमानुसार मागून किमान ३ मिलिमीटर जाडीची आणि ४० चौरस सेंटिमीटरची पोलादी पट्टी हवी. खांद्याच्या आणि कमरेच्या प्रत्येक जागेने १४.७ किलोन्यूटन सोसले पाहिजेत. म्हणजे दीड टन. पट्ट्यावरच्या लेबलची मुदत पाहा. पॉलिएस्टरचे धागे उन्हाने कमजोर होतात आणि ते डोळ्यांना दिसत नाही. नामांकित नावे छापलेले नकली पट्टेही सर्रास मिळतात. मूळ तीन-बिंदू पट्टा जागेवर, चालू स्थितीत ठेवा आणि रस्त्यावर तोच लावा.

सरावासाठी

एका हॅचबॅकमध्ये चालकाचा खांदा मागच्या सीटच्या बोल्टपेक्षा ५५ सेंटिमीटर वर आणि ९० सेंटिमीटर पुढे आहे. पट्ट्याचा क्षितिजाशी कोन काढा. प्रत्येक पट्ट्यात ४ किलोन्यूटन ताण असताना दोन्ही खांद्यांवर खाली दाबणारे एकूण बल किती? पट्ट्याचा मागचा भाग १० टक्के ताणला गेला तर त्याची लांबी किती सेंटिमीटरने वाढेल? आपल्या गाडीत टेप घेऊन हीच दोन अंतरे मोजा आणि पुन्हा उत्तर काढा.