आयुष्यातला प्रसंग लिहिताना

मागच्या व्याख्यानानंतर एका मुलीनं विचारलं, "सर, वडील गेले त्या दिवसावर लिहायचंय. पण लिहायला बसलं की त्याचा पंचनामा होतो." प्रश्न आपल्या यवतमाळच्या मातीतला आहे, म्हणून आज त्यावरच बोलू.

आपल्याकडे शेतकऱ्यानं आत्महत्या केली की फाइल तयार होते. सातबारा कुणाच्या नावावर, कर्ज कुठलं, थकलं होतं का, आणि शेवटी एक शब्द : पात्र किंवा अपात्र. मदत त्या शब्दावर ठरते, तेव्हा हे प्रश्न विचारले जाणारच. पण घरच्यांना तेच तेच इतक्यांदा सांगावं लागतं की त्यांची स्वतःची आठवणही फाइलच्या भाषेत बोलू लागते.

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२वं साहित्य संमेलन भरलं. त्यातले वाद सगळ्यांना आठवतात. आम्हाला जास्त आठवतं ते उद्घाटन. शेतकऱ्याची विधवा असलेल्या वैशाली येडे यांनी ते केलं. एरवी जिच्याविषयी इतर लोक लिहितात, ती बाई तिथं स्वतः बोलली.

घटना आणि अनुभव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घटना पाहणाऱ्या सगळ्यांची असते, अनुभव ज्याचा त्याचा. आणि मोठ्या लेखाला मोठी घटना लागतेच असं नाही. इरावती कर्वे यांचा 'परिपूर्ती' हा लेख पाहा. त्याच नावाचा त्यांचा संग्रह १९४९चा. सभेत त्यांची ओळख करून देतात, अमक्यांची मुलगी, अमक्यांची सून, अमक्यांची पत्नी. काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. मग रस्त्यात शाळेची पोरं त्यांना आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई म्हणून ओळखतात, आणि ती ओळख पुरी होते. एवढंच! त्यावर बाईंनी मातृत्वाचं प्रवचन झोडलेलं नाही.

आम्ही मात्र ते झोडलं होतं. १९७२ला कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. त्यानंतरच्या एका हंगामात बाबांसोबत बंडी घेऊन आम्ही दोन रात्री रांगेत काढल्या. पुढं त्यावर लेख लिहिला. त्यात प्रारब्ध होतं, कर्मयोग होता, बाबांचे कष्टही होते. लेख निर्जीव निघाला. कारण एक गोष्ट आम्ही गाळली होती. कॉलेजचे दोन मित्र येताना दिसले, तेव्हा आम्ही बंडीपासून दूर जाऊन उभे राहिलो होतो. बाबांनी ते पाहिलं. बोलले काहीच नाहीत, बैलांपुढं कडबा टाकत राहिले.

लेख तिथं होता, हे कळायला आम्हाला वीस वर्षं लागली. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसानं हे सांगायला थोडी लाजच वाटते, पण असो.

त्या मुलीला आमचं सांगणं असं. कारणमीमांसा आधी लिहू नकोस, ती फाइलमध्ये आहे. बातमी आली तेव्हा तुझ्या हातात काय होतं, तिथून सुरू कर. चूल पेटलेली होती का? कोण आधी रडलं, कोण रडलंच नाही? राग आला असेल तर रागही लिही. गेलेल्या माणसावर राग येतो. जिथं हात थांबेल ती जागा खूण करून ठेव आणि दोन दिवसांनी परत तिथंच ये. आणि हो, छापायला देण्याआधी आईला वाचून दाखव. तो दिवस तिचाही आहे. ती नको म्हणाली तर वही घरातच राहू दे.