हिशोबाचे सॉफ्टवेअर : विकत घ्यावे की भाड्याने?

धाराशिव, तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा, कळंब, कुठल्याही बाजारात जा, गल्ल्याशेजारी आता लाल कापडाच्या वहीबरोबर संगणक किंवा मोबाईल दिसतो. आपले व्यापारी बांधवही याला अपवाद नाहीत. चपलांचे दुकान असो, तयार कपड्यांचे असो, फर्निचरचा कारखाना असो की मोटारीचे गॅरेज, बिल संगणकावर काढून द्या अशी मागणी गिऱ्हाईकच करू लागले आहे. १ जुलै २०१७ रोजी जी.एस.टी. सुरू झाल्यापासून तर ज्यांची नोंदणी आहे त्यांना हाताने लिहिलेल्या वहीवर भागविणे अवघडच झाले आहे.

अशा वेळी दुकानात एजंट येतो आणि सांगतो, "शेठ, महिन्याला फक्त इतके भरा, सगळा हिशोब आपोआप होईल." हे 'महिन्याला फक्त' काय आहे ते आधी नीट समजून घेतले पाहिजे.

वही आपण एकदा विकत घेतो. ती भरली, जुनी झाली, तरी कपाटात राहते आणि दहा वर्षांनंतरही उघडून पाहता येते. वर्गणीचे सॉफ्टवेअर म्हणजे वही भाड्याने घेण्यासारखे आहे. भाडे भरले तोवर वही उघडते. थांबविले की काय होते, हे प्रत्येक कंपनीचे निराळे असते, आणि एजंट नेमके तेच सांगत नाही. उधारीची रक्कम कोणाकडे किती, व्यापाऱ्याचे देणे किती, शिल्लक माल किती, हे सारे त्या वहीत असते. म्हणून दराच्या आधी हा प्रश्न विचारावा.

आपल्या भागात सर्वांत अधिक परिचयाचे नाव 'टॅली'चे. १९८६ मध्ये बंगलोर येथे सुरू झालेल्या या कंपनीचे सॉफ्टवेअर बहुतेक कर सल्लागारांना आणि सी.ए. मंडळींना येते, आणि तेच त्याचे मोठे बळ आहे. मुनीम बदलला तरी नवा मुनीम टॅली शिकलेला मिळतो. 'टॅली प्राइम' दोन प्रकारे मिळते. कायमचा परवाना किंवा भाडे. २०२४ मधील दर पाहिले तर एका संगणकाचा कायमचा परवाना २२,५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जी.एस.टी., म्हणजे २६,५५० रुपये. भाडे महिन्याला ७५० अधिक कर, म्हणजे ८८५ रुपये. दर बदलत असतात, घेण्यापूर्वी पुन्हा विचारून घ्यावेत, परंतु हिशोबाची रीत तीच राहते.

२६,५५० ला ८८५ ने भागा. बरोबर ३० येतात. म्हणजे अडीच वर्षांत भाड्याची रक्कम खरेदीइतकी होते, आणि त्यानंतर भाडेकरूच्या हाती काहीच उरत नाही. मात्र खरेदी करणाऱ्यालाही एक खर्च आहे. पहिल्या वर्षानंतर नव्या आवृत्त्या आणि इंटरनेटवरील सेवा हव्या असतील तर वार्षिक शुल्क भरावे लागते. ते ४,५०० अधिक कर, म्हणजे ५,३१० धरले तर पाच वर्षांत खरेदीदाराचे ४७,७९० आणि भाडेकरूचे ५३,१०० जातात. फरक फार नाही असे वाटेल. परंतु वार्षिक शुल्क न भरता जुनी आवृत्ती वापरत राहणे खरेदीदाराला शक्य असते. भाडेकरूला ते शक्य नसते. भाडे संपले की टॅली शिकाऊ पद्धतीवर जाते. जुन्या नोंदी दिसतात, पण नवीन नोंद महिन्याच्या फक्त १, २ आणि ३१ तारखेचीच करता येते. म्हणजे दुकान चालू आणि वही बंद.

मग भाडे कोणी घ्यावे? नवे दुकान काढणाऱ्याने, ज्याला धंदा टिकतो की नाही हे पाहायचे आहे. हंगामी धंदा करणाऱ्याने. किंवा ज्याच्याकडे मार्चअखेर तीन महिन्यांचे काम आहे त्याने. बारमाही दुकानाला भाडे परवडत नाही, असे आमचे मत आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सॉफ्टवेअरवर भरलेला १८ टक्के कर नेहमीच्या पद्धतीने जी.एस.टी. भरणाऱ्याला वजा मिळतो. कॉम्पोझिशन योजनेत असलेल्याला तो मिळत नाही. त्याच्यासाठी २६,५५० म्हणजे पूर्ण २६,५५०. नेहमीच्या नोंदणीवाल्याला तेच २२,५०० ला पडते. टॅलीखेरीज 'बिझी' हेही याच पद्धतीचे, आपल्या संगणकावर चालणारे सॉफ्टवेअर आहे. ही दिल्लीची कंपनी २०२२ मध्ये 'इंडियामार्ट'ने विकत घेतली.

काही बांधव शेजारच्या मुलाकडून टॅलीची चोरटी प्रत टाकून घेतात. ती फुकट वाटते. पण तिच्याबरोबर संगणकात काय शिरते ते कोणालाच ठाऊक नसते, आणि जी.एस.टी. विवरणाचा नमुना बदलला की ती प्रत निरुपयोगी होते. शिवाय ती बेकायदा आहे, हे वेगळे सांगायला नको.

दुसरा प्रकार म्हणजे इंटरनेटवरचे सॉफ्टवेअर. यात 'झोहो बुक्स' हे चेन्नईच्या कंपनीचे नाव पुढे आहे. यात नोंदी आपल्या संगणकात नसून कंपनीच्या यंत्रावर असतात. फायदा असा की सोलापुरात माल घेताना मोबाईलवरून दुकानातील शिल्लक पाहता येते, संगणक जळाला तरी हिशोब जळत नाही. सी.ए.ला पेनड्राइव्ह नेऊन द्यावा लागत नाही. २०२४ मध्ये वर्षाची उलाढाल २५ लाखांच्या आत असलेल्यांसाठी या कंपनीची मोफत योजना होती. त्याहून मोठ्यांना वर्गणी. अडचण अशी की इंटरनेट नसेल तर बिल थांबते. भूम, वाशी, परंडा तालुक्यांतील गावांत रेंजची काय अवस्था असते ते तिथल्या दुकानदारालाच विचारा. वीज गेली तर टॅलीवाल्याचीही पंचाईत होतेच, मात्र त्यावर यू.पी.एस. हा उपाय आहे. रेंजवर उपाय नाही.

तिसरा प्रकार मोबाईलवरील अॅपचा. 'व्यापार' हे अॅप इंटरनेट नसतानाही बिल काढते आणि संगणकाच्या आवृत्तीसाठी वर्षाचे पैसे घेते. 'खाताबुक' मराठीतही चालते, त्यात उधारी मांडता येते आणि गिऱ्हाइकाला आठवणीचा संदेश जातो. तांबोळी, बागवान, खाटीक, शिंपी अशा ज्यांचा धंदा रोखीचा व उधारीचा आहे, त्यांना एवढे पुरेसे आहे. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला सर्वसाधारणपणे ४० लाखांपर्यंत आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांपर्यंत जी.एस.टी. नोंदणीची सक्ती नाही. अशा बांधवांनी एजंटच्या बोलण्याला भुलून वर्षाला दहा हजार घालविण्याचे कारण नाही. पण हीदेखील एक उधारीची वहीच आहे, त्यात ताळेबंद निघत नाही, हे समजून वापरावे.

दीड कोटीच्या आत उलाढाल असलेल्या करदात्यांसाठी जी.एस.टी. नेटवर्कने २०१९ मध्ये काही कंपन्यांचे हिशोबाचे सॉफ्टवेअर मोफत देण्याची सोय केली होती. विवरणपत्र तयार करण्याचे मोफत साधन तर जी.एस.टी. संकेतस्थळावरच असते. आपल्यापैकी अनेकांनी त्याची चौकशीही केली नाही.

आता वर्गणीतील खरा धोका. 'क्विकबुक्स' हे अमेरिकेच्या 'इंट्युइट' कंपनीचे नामांकित सॉफ्टवेअर भारतात वर्गणीवर मिळत होते. २०२२ मध्ये कंपनीने भारतातील ही सेवा बंद करण्याचे जाहीर केले आणि ३१ जानेवारी २०२३ नंतर ती बंद झाली. आपला हिशोब उतरवून घेण्यास ३० एप्रिल २०२३ पर्यंत मुदत होती. वर्गणी नियमित भरणाऱ्यांनाही आपली वही उचलून दुसरीकडे जावे लागले. इतकी मोठी कंपनी जाऊ शकते, तर काल निघालेल्या अॅपचे काय? आणि जी.एस.टी. कायद्याप्रमाणे हिशोबाची कागदपत्रे वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. कंपनी गेली म्हणून अधिकारी सोडणार नाही.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी मोफत वापराच्या दिवसांत दहा-वीस खरी बिले टाकून पाहावीत. मग सगळी खतावणी एक्सेलमध्ये उतरते का, ते स्वतः उतरवून, दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावे. "उतरते" असे एजंटने म्हटले म्हणजे झाले असे नाही. पुढेही दर महिन्याला पेनड्राइव्हवर एक प्रत घ्यावी आणि तो पेनड्राइव्ह दुकानात न ठेवता घरी ठेवावा.

याच चाचणीत करदराचीही परीक्षा घ्यावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर बदलले. तयार कपडा आणि पादत्राणे २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के, त्यावर १८ टक्के. एकाच दुकानात २,४०० चा जोड आणि २,६०० चा जोड, दोन्हींवर दर निराळा. किमतीप्रमाणे दर आपोआप लागतो का, हे जोड टाकूनच समजते. कित्येकदा नवा दर दुकानदारानेच मालाच्या नोंदीत बदलायचा असतो आणि ते न बदलल्यामुळे चुकीची बिले निघत राहतात. ज्यांच्या बिलावर अजून 'जिल्हा उस्मानाबाद' छापून येते त्यांनीही, २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले असल्याने, त्याच वेळी पत्ता दुरुस्त करून घ्यावा. कॉम्पोझिशनवाल्यांच्या बिलात कर वेगळा दाखविला जात नाही ना, हेही पाहावे. त्यांना गिऱ्हाइकाकडून कर वसूल करता येत नाही.

आपल्या बांधवांच्या उपयोगाची एक बाब एजंटला सहसा ठाऊक नसते. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते, जकातीचे वर्ष चंद्राच्या महिन्यांनी चालते आणि सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. दरवर्षी रमजानमध्ये माल मोजत बसण्यापेक्षा, टॅलीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ती तारीख टाकली की त्या दिवसाची मालाची शिल्लक, येणे आणि देणे समोर येते, अर्थात नोंदी रोजच्या रोज केल्या असतील तर. सॉफ्टवेअर माल साधारणतः खरेदीच्या किमतीने दाखवते. जकातीसाठी कोणता भाव धरावा, बुडीत उधारीचे काय, हे आपल्या आलिमांना विचारून ठरवावे. उशिराच्या उधारीवर व्याज लावण्याची सोयही टॅलीत असते, पण ती आपण चालू केल्याशिवाय चालू होत नाही.

ज्यांची उलाढाल पाच कोटींच्या वर आहे, त्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून व्यापाऱ्याला दिलेल्या बिलाचे ई-इन्व्हॉइस काढावे लागते. त्यांनी वार्षिक शुल्क चुकवू नये, कारण ही सेवा चालू शुल्कावरच मिळते. बाकीच्यांनी सॉफ्टवेअर ठरविण्यापूर्वी आपले विवरण कोण भरतो त्याला विचारावे. त्याला जे येते ते घेतले तर मार्चमध्ये सगळ्या नोंदी दुसऱ्यांदा टाकण्याचे पैसे द्यावे लागत नाहीत.