पाडणार, पाडणार म्हणता म्हणता

लंडनच्या दक्षिणेकडचे क्रॉयडन हे उपनगर असले, तरी तिथला बाजार उपनगरी कधीच नव्हता. नॉर्थ एंड ही फक्त पायी चालण्याची पेठ. तिच्या एका बाजूला व्हिटगिफ्ट सेंटर, दुसऱ्या बाजूला सेंट्राल ही खरेदी केंद्रे आणि दक्षिण टोकाला १८६२ पासूनचे ऑल्डर्स हे भलेथोरले दुकान. सणासुदीची खरेदी असो की शाळेचा गणवेश, आसपासच्या गावांतले लोक इथेच येत. या मोक्याच्या जागांचा पुनर्विकास करायचा, असे गेली वीसेक वर्षे ठरते आहे, आणि प्रत्येक वेळी ते कागदावरच राहिले आहे.

व्हिटगिफ्ट सेंटरखालची जमीन शाळेची. कँटरबरीचे आर्चबिशप जॉन व्हिटगिफ्ट यांनी १५९६ मध्ये इथे वृद्धांसाठी निवास बांधायला घेतला आणि सोबत शाळाही काढली. त्यांच्या नावाची संस्था आजही त्या जमिनीची मालक आहे. १९६५ मध्ये शाळा दुसरीकडे हलली आणि तिच्या जागी दुकाने व कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले. ते दशकच क्रॉयडनचे होते. १९५६ मध्ये नगरपालिकेने खास कायदा करून घेतला होता, त्याच्या जोरावर गावाचा मध्यभाग काही वर्षांत काचेचा आणि काँक्रीटचा झाला. त्या घाईने बरेच जुने नष्ट केले, हे खरे. पण जे बांधायचे ठरले ते बांधले गेले, याची नोंद घ्यायलाच हवी.

२००० मध्ये ट्राम आली, २००४ मध्ये सेंट्राल सुरू झाले. त्याच सुमारास मिनर्व्हा या कंपनीने ‘पार्क प्लेस’ नावाचा मोठा आराखडा पुढे आणला होता. तो मोडला. २००५ मध्ये ऑल्डर्सची कंपनी बुडाली. क्रॉयडनचे दुकान नव्या मालकाने काही वर्षे चालवले, मग तेही थांबले. ८ ऑगस्ट २०११ च्या दंगलीत ‘हाउस ऑफ रीव्हज’ हे शंभर वर्षांहून जुने फर्निचरचे दुकान जळाले. त्या ज्वाळांची छायाचित्रे जगभर गेली, आणि गावाला काहीतरी मोठे हवे आहे ही भावना सगळ्यांनाच पटली.

ते मोठे म्हणजे मॉल बांधणाऱ्या वेस्टफिल्ड कंपनीचा प्रकल्प. व्हिटगिफ्ट संस्थेसोबत वेस्टफिल्ड आणि समोर सेंट्राल ताब्यात असलेली हॅमरसन, असा आधी सामना होता. जानेवारी २०१३ मध्ये दोघांनी निम्मी निम्मी भागीदारी जाहीर केली. आकडा एक अब्ज पौंडांचा, पाच हजार नोकऱ्यांचे आश्वासन. पाठोपाठ परवानगी मिळाली. २०१५ मध्ये सक्तीच्या भूसंपादनाची सार्वजनिक सुनावणी होऊन त्यालाही मंजुरी मिळाली. मग आराखडाच बदलला, घरे वाढली, आणि नव्याने परवानगी घ्यावी लागली. ती हातात येईतो २०१८ उजाडले.

तोवर काळ बदलला होता. ब्रेक्झिटचा कौल लागून गेला होता, कपडे आणि चपला लोक फोनवरून मागवू लागले होते, आणि २०१८ च्या जूनमध्ये वेस्टफिल्डच युरोपातल्या युनिबेल-रोदामको कंपनीने विकत घेतली. मग ‘फेरविचार’ सुरू झाला. पुढे कोविड आला. नोव्हेंबर २०२० मध्ये क्रॉयडन कौन्सिलने खर्च भागवता येत नाही असे अधिकृतपणे जाहीर केले, आणि २०२२ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. २०२३ मध्ये हॅमरसनने आपला वाटा भागीदाराला विकला आणि सगळा डाव एका कंपनीच्या हाती गेला.

या काळात पेठेवर काय गुदरले असेल, ते आपल्याकडे पुनर्विकासात अडकलेल्या चाळीत राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. इमारत पडणार म्हटली की मालक गळके छप्पर नीट करत नाही. दुकानदाराला पाच-दहा वर्षांचा करार मिळत नाही, म्हणून तो नवी फरशी बसवत नाही, कर्ज काढत नाही. चांगला असेल तो निघून जातो. मागे राहतात तात्पुरते गाळे आणि उतरलेली शटर. मंदी आणि ऑनलाइन खरेदी यांनी इंग्लंडमधल्या सगळ्याच पेठा खचल्या. क्रॉयडनचे दुखणे त्याहून खोल गेले, कारण सगळ्या मोक्याच्या जागा एकाच करारात बांधल्या गेल्या आणि तो करार अडला की सगळेच अडे.

याच काळात शेजारी जे घडले ते पाहावे. ईस्ट क्रॉयडन स्टेशनाबाहेर २०१६ मध्ये जहाजाच्या जुन्या कंटेनरांतून बॉक्सपार्क उभे राहिले. खाणे, गाणे, मॅचच्या रात्री तुडुंब गर्दी. ते तात्पुरते म्हणून बांधलेले, एका जागेपुरते. सरी स्ट्रीटचा भाजीबाजार १२७६ च्या सनदेवर सुरू झालेला, तोही चालूच राहिला. त्यांना कुणाच्या महाआराखड्याची वाट पाहावी लागली नाही.

जागा तुकड्या-तुकड्यांनी उघडाव्यात, घरे, दुकाने आणि बसायच्या जागा टप्प्याटप्प्याने याव्यात, असे मला ठामपणे वाटते. सक्तीने जागा घ्यायचा अधिकार कौन्सिलने विकासकासाठी वापरला, तेव्हा बांधकामाची तारीख आणि ती चुकली तर पडणारा दंड, या दोन गोष्टी त्याच कागदावर हव्या होत्या. आपल्याकडे बाजारपेठेच्या पुनर्विकासाची फाइल सहीसाठी समोर ठेवली जाईल, तेव्हा गाळेधारकांनी आधी एवढेच विचारावे: काम सुरू कधी होणार, आणि तोवर आमच्या छपराची दुरुस्ती कोण करणार?