पोत्यातली राख

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलमध्ये घराचा स्लॅब टाकायचा ठरला की दारात सिमेंटची पोती येतात. त्यांवर ‘पीपीसी, फ्लाय ॲश’ छापलेलं असेल, तर त्या सिमेंटमध्ये 15 ते 35 टक्के राख असते. ऐकून भेसळ वाटेल, पण हे प्रमाण भारतीय मानकानेच ठरवून दिलंय. माल घडवतानाच पर्यावरणाचा विचार कसा करावा, याचा इतका ठळक दाखला आपल्या जिल्ह्यात दुसरा नसेल.

सिमेंटचं खरं दुखणं चुनखडीत आहे. शुद्ध चुनखडी 100 किलो भाजली की 44 किलो कर्बवायू सुटतो. भट्टी उद्या सौर विजेवर चालवली तरी तो सुटणारच, आणि धुराड्यावरची धूळगाळणी त्याला अडवू शकत नाही. मग चुनखडी 1450 अंशांवर भाजून बनवलेलं क्लिंकरच पोत्यात कमी घालायचं आणि त्याची जागा राखेने भरायची. चुनखडीची खोदाईही तेवढी वाचते.

घुग्घुस, गडचांदूरच्या सिमेंट पट्ट्यापासून चंद्रपूरचं कोळशावर चालणारं 2920 मेगावॅटचं वीज केंद्र जवळच. आपल्याकडच्या कोळशात राख फार. 100 किलोमागे 30 ते 40 किलो. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे कण काचेच्या बारीक मण्यांसारखे दिसतात. सिमेंटला पाणी लागलं की त्यातून थोडा चुना मोकळा होतो. एरवी तो काँक्रीटमध्ये पडून राहतो. राखेतली सिलिका त्याला धरून पक्का बांधणारा पदार्थ बनवते आणि बारीक छिद्रं बुजतात.

ही क्रिया मात्र सावकाश चालते. साध्या सिमेंटला किमान 7 दिवस पाणी मारायचं, राखेच्या सिमेंटला 10. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात 14 दिवस मारलेलं बरं. तिसऱ्याच दिवशी स्लॅबवरचे वाफे सुकले, तर बरीचशी राख नुसती भर म्हणून उरते. मग गवंडी आणि घरमालक दोघंही सिमेंटलाच नावं ठेवतात. पाणी मारायचे हे दिवस पोत्यावर ठळक मराठीत छापायलाच हवेत.

कोळसा कमी होईल तशी ही राखही आटेल. तेव्हा मूलच्या राइस मिलमधलं धानाचं तूस कामाला येऊ शकतं. त्याच्या राखेत 85 ते 90 टक्के सिलिका असते. साधारण 700 अंशांच्या आत जाळलं तरच ती चुन्याशी नीट जुळते. फार तापली की तिचे स्फटिक होतात आणि ती सुस्त पडते. तूस जाळणारी भट्टी बांधणाऱ्याने एवढं तापमान आधीच हिशेबात धरलं, तर दळलेली ही राखही सिमेंटमध्ये चालेल.